एका जागेचे दोन पत्ते

विद्यापीठाच्या नामांतराला अजून दोनेक वर्षं होती. परभणीच्या एका तंत्रनिकेतनात मी मायक्रोप्रोसेसर शिकवायची. वर्गात चाळीस जण आणि हात बसायला प्रोसेसर-मेमरी जोडलेलं सरावाचं किट एकच. तेही विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद. "बिघडलं तर जबाबदार कोण?" म्हणत ते वर्षातून दोनदा बाहेर काढायचे.

वैतागून मी कॉम्प्युटरवरच एक प्रोग्रॅम लिहिला. तो हुबेहूब किटसारखा वागायचा. निदान माझी तशी समजूत होती.

प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच घेतली. रोज पूर्णेहून रेल्वेनं येणाऱ्या एका मुलीनं मेमरीत एका पत्त्यावर आकडा ठेवला आणि वाचला भलत्याच पत्त्यावरून. पडद्यावर शून्य आलं.

"मॅडम, किटवर दोन्हीकडं तेच येतंय. मी सोता बघितलंय."

"पुस्तकात आहे का असं?" मी सगळ्यांसमोर ओरडले आणि तिचे गुण कापले.

तिचा चेहरा काही डोक्यातून जाईना. आठवड्यानं प्रमुखांशी भांडून कपाट उघडायला लावलं आणि किटवर तिचाच प्रोग्रॅम चालवला. दुसऱ्या पत्त्यावरही तोच आकडा आला! किट उलटं करून पाहिलं, तर पत्त्याची एक तार मेमरीच्या चिपपर्यंत पोचतच नव्हती. चिपच्या लेखी ते दोन्ही पत्ते एकच. मी मात्र प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या जागा करून बसले होते. तो सुधारायला आधी पहिलीतला आकडा दुसरीत उतरवून पाहिला. पण कुणी दुसरीत लिहिलं की पहिली जुनीच राहायची. शेवटी दुसरी जागा काढूनच टाकली आणि दोन्ही पत्ते एकाच जागेवर नेले.

मग प्रमुखांकडे गेले.

"गुणांची यादी बोर्डाकडे गेली," ते म्हणाले. "दोन-चार गुणांनी काय आभाळ कोसळतंय?"

"चूक माझी आहे सर. लेखी देते."

"कशाला? विभागाचं हसं करायला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला. त्यांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये सारला. गुण बदलले नाहीत.

वर्गात मी त्या मुलीची माफी मागितली. तिनं मान खाली घातली नाही.

"तवाच किट काढून बघायचं होतं ना मॅडम. मी तेवढंच म्हणायलते."

संतापानं माझे कान तापले होते, आणि या वेळी समोर प्रमुख नव्हते; राग माझा माझ्यावरच होता.