संघदीपची किल्ली

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून संघदीप रामटेकेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळांचे प्रिंटर, ट्रकवाल्यांचे मोबाइल, जे येईल ते तो उघडायचा. जवळच्या एका ग्रामपंचायतीचा ऑपरेटर अचानक वारला आणि त्याच्यासोबत पासवर्डही गेला. अख्ख्या गावाचे दाखले कॉम्प्युटरात अडकले. संघदीपनं तीन दिवस बसून एक प्रोग्राम लिहिला आणि ती डिस्क उघडून दिली. पुढे तो त्यात भर घालत गेला. नाव ठेवलं 'किल्ली'. आमगाव-तिरोड्याचे दुरुस्तीवाले ती मागून न्यायचे. त्यांना समजावं म्हणून त्यानं वापराचा एक छोटा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

तो व्हिडिओ पाहून मार्चमध्ये परदेशातून एका माणसाचा फोन आला. गोड, सावकाश हिंदी. त्याच्या टेक्निशियनांना किल्ली हवी होती. निर्यातीची कागदपत्रं त्यानंच भरून पाठवली. एकच रकाना रिकामा होता, निर्यात-वर्गाचा, म्हणजे सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारात मोडतं तो.

"यहाँ क्या लिखूँ?" संघदीपनं विचारलं.

"आम इस्तेमाल का. सब यही लिखते हैं, भाई."

त्यानं तसं लिहिलं, सही केली आणि किल्ली पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी त्या माणसाचे प्रश्न येऊ लागले. मालकाला न कळता किल्ली चालेल का? मशीनला हात न लावता, दुरून? एका वेळी दोनशे मशीनवर?

संघदीपची बायको अल्का अंगणवाडीतून येताना डबा घेऊन आली होती. तिनं ते प्रश्न उभ्यानंच वाचले.

"दुरुस्ती करणारा मानूस मालकापासून कायले लपते?"

त्या दुपारी संघदीपनं सही केलेला कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात स्कोमेट नावाच्या सरकारी यादीचा उल्लेख होता. सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता न येणाऱ्या वस्तूंची ती यादी. त्यानं ती शोधून काढली. शस्त्रं, रसायनं, विमानांचे भाग. खाली आठव्या विभागात, कुलूपबंद माहिती फोडणारं सॉफ्टवेअर. म्हणजे किल्लीसारखंच.

त्यानं निर्यातीची परवानगी देणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला सगळं खरंखरं लिहिलं. त्या माणसालाही कळवलं, यापुढे काही बनवून देणार नाही. तो माणूस चिडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एक फोटो पाठवला. फोटोत संघदीपचं दुकान होतं आणि दारात डबा घेऊन उभी अल्का. खाली लिहिलं होतं, "जल्दी नहीं है. सोच लीजिए."

"हा फोटो कोनं काढला?" अल्का हळूच म्हणाली.

समोर रस्त्यावर तेरा-चौदा ट्रक उभे होते.

दिल्लीचं उत्तर दीड महिन्यानं आलं. वर्ग चुकीचा लिहिला होता. किल्ली यादीत बसत होती आणि नागपूरच्या कार्यालयात चौकशी होणार होती. दोघं नवरा-बायको नागपूरला गेले. संघदीपनं जबाब दिला, फोटो दाखवला. अधिकाऱ्यानं त्याचा कॉम्प्युटर ठेवून घेतला आणि विचारलं, "पाठवलेली प्रत आता कुठे आहे?"

"माहीत नाही, साहेब."

अधिकाऱ्यानं तेवढंच लिहून घेतलं.

चौकशी अजून सुरू आहे. त्या माणसाचा नंबर बंद आहे. संघदीप आता फक्त प्रिंटर दुरुस्त करतो. दुकानासमोर गाडी थांबली की हातातलं काम सोडून बघत राहतो. अल्कानं डबा आणणं बंद केलं, तो जेवायला घरी जातो.

ऑगस्टमध्ये तिरोड्याच्या एका दुरुस्तीवाल्यानं त्याला इंटरनेटवरचा एक फुकट प्रोग्राम दाखवला. नाव परकं, रंग वेगळा. पण आतल्या एका सूचनेत 'प्रतीक्षा'चं 'प्रतिक्षा' झालेलं होतं. किल्ली लिहिताना ती चूक संघदीपनंच केली होती. आणि तो प्रोग्राम मालकाला न कळता, दुरून चालत होता.

त्यानं तिथूनच नागपूरला फोन लावला. अधिकाऱ्यानं विचारलं, "हा प्रोग्राम किती जणांकडे गेला असेल?"

"आता ते सांगता येत नाही, साहेब," संघदीप म्हणाला.