रुंद पानाचं तेवढं मरतं

कडव्या वालाला कधी कुणी खत घातल्याचं मी पाहिलं नव्हतं. भात कापलं की ओल आहे तोवर वाल पेरायचे आणि दवावर सोडून द्यायचे. आमच्या कडाव भागात सगळे तसंच करतात. आमचं बियाणं घरचं, सासूबाईंनी माझ्या हाती दिलेलं. दरवर्षी पेरायचं, त्यातलंच थोडं राखेत घोळवून पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. बाजारात ते मिळत नाही.

गेल्या हंगामात रोपं नुकती चार पानांवर आली होती. शेजारच्या फार्महाऊसचा माळी भर दुपारी पाठीला पंप लावून लॉनवर तणनाशक मारायला लागला. वारा सरळ आमच्या शेतात. उग्र वास नाकात बसला तशी मी कुंपणाकडे धावले.

"वारा आमच्याकडं हाय रं, थांब की जरा!"

"घाबरू नका वैनी, गवताला काय व्हत नाय. रुंद पानाचं तेवढं मरतं."

अरे शहाण्या, वालाचं पान काय सुईसारखं असतं?

आठवडाभरात पानं द्रोणासारखी वळली, शेंडे पिळवटले. त्यांचं लॉन मात्र हिरवंगार. वर हाच माळी कुंपणापलीकडून सांगतो, "पिवळी पडल्यात, खत कमी पडलं. युरिया मारा." आणि आमच्या ह्यांनी ते ऐकलं! भाताचा उरलेला युरिया मुठीमुठीने फेकला. विषबाधा झालेल्याला जेवणाचा आग्रह करावा, तसला प्रकार. होती नव्हती ती रोपंही करपली. मी ह्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

तक्रार करू म्हटलं, तर गावातले जाणते हसले. वाऱ्याला साक्षीदार कोण? शेंग एकही धरली नाही. पुढच्या वर्षी पेरायला मूठभर बी नाही. माझ्या अंगाची आग आग झाली, अजून होते.

थंडीत फार्महाऊसचे मालक मुंबईहून पाहुणे घेऊन आले. हसत हसत बांधावर उभे.

"ताई, संध्याकाळी शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लावतोय. तुमच्या वालाच्या शेंगा द्या ना थोड्या. बाजारच्या शेंगांना ती चव नाही."

मी वाकले, एक वाकडंतिकडं, करपलेलं खुरटं रोप उपटलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे कसलं झाड?"

"वाल," मी म्हणाले. "आमच्या घरचा शेवटचा. न्या."