आईचं मुसळ आणि दत्तूची गिटार

दत्तू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसले होते. रविवारी जव्हारला येतो म्हणाला आणि आला नाही, नेहमीसारखा. वहिनी फोनवर रडत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "आता हे काय नवीन काढलं त्याने?"… धाकट्या भावाबद्दल माझं पहिलं वाक्य कायम हेच असायचं.

मोखाड्याच्या कचेरीत तो कारकून होता. नव्वदच्या सुमारास जव्हारच्या दसऱ्याला बाहेरून ऑर्केस्ट्रा आला. त्यात त्याने चार जाड तारांची बेस गिटार पाहिली आणि माणूस कामातून गेला. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून स्वतःच करायची ठरवली. मग ज्याच्या घरी जाईल त्याच्या खाटेचे पाय टकटक वाजवून बघायचा, पुढ्यातला चहा गार होईपर्यंत. लोक मला विचारत, "भाऊ बरा आहे ना?" गिटारीच्या अंगाला शिवणीचं लाकूड लागतं म्हणे, ढोलाला लागतं तेच, हलकं आणि बोलकं. ते दाभोशाहून जीपच्या टपावर आलं. मान सागाची. जळालेल्या पंख्याची तार आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आवाज उचलायची जुळणीही त्याने केली. बोटं दाबायच्या पट्टीला मात्र कडक, मुरलेलं लाकूड हवं होतं. ते सापडलं आमच्याच घरात. आईचं खैराचं मुसळ या पठ्ठ्याने कोणाला न विचारता उभं चिरलं. तेही माझ्या लग्नाच्या तोंडावर!

लग्नाआधी मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंडं बांधून सवाष्णी घाणा भरतात. बायका जमल्या, उखळ मांडलं, आणि मुसळाचा पत्ता नाही.

"दत्त्या, मुसल कठं ठिवलास रं?" आईने विचारलं.

त्याने गिटार आणून पुढे ठेवली. "हा काय, आये. वाया नाय घालवला."

मी रडायलाच लागले. कोणीतरी शेजारचं मुसळ आणायला उठलं, तर आई म्हणाली, "मुसल आपलाच पायजे. हलद ह्यालाच बांदा." आणि बांधली हो! बायकांनी उखळावर गिटार धरून माझा घाणा भरला, आणि हा कडेला उभा राहून "तारांना पाणी लावू नका" म्हणून ओरडत होता. त्याला मुसळानेच बडवावं असं मला वाटलं, पण तेही उरलं नव्हतं.

पुढे ती गिटार लग्नांत वाजली, गणपतीत वाजली. आई गेली, तरी आमचं भांडण चालूच राहिलं. दर भाऊबीजेला मी म्हणायचे, "ओवाळणी नको, आईचं मुसळ दे." तो साडी पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "पुढल्या वर्षी."

तेरावं झाल्यावर वहिनी गिटार घेऊन आली. "ताई, हे म्हणायचे, मुसळ ताईचंच आहे." गिटार आता माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. पुसताना हात लागला की विजेवाचून जेमतेम घुमते. मला वाजवता येत नाही आणि कांडायला घरात भात नाही. इतकी वर्षं मागितलं ते मिळालं एकदाचं… पण मुसळ कोणाला हवं होतं, दत्तू? मला तू यायला हवा होतास, "पुढल्या वर्षी" म्हणायला.