शेजारी कुठे होते?

प्रारंभीच स्पष्ट करते, की भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी शाळेत सामान्य विज्ञान शिकवीत असे. फुंकर न घालता दिवा विझला, तर आधी वात तपासावी, मग तेल — असे मुलांना सांगणारी मी बाई. वाचकांनी पुढील हकीकतही त्याच रीतीने तपासावी. मी ती इतकी वर्षे तपासतेच आहे…

आणीबाणी उठल्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. पिंपरीच्या एका कामगार कॉलनीत, दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. वर पत्रा, समोर एकच लांब व्हरांडा आणि त्यावर ओळीने खोल्या. माझी खोली जिन्यालगत, कुसुमची अगदी टोकाला. कुसुम उदगीरकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. पुरुष पहिल्या शिफ्टला गेले, की दुपारी बायका जिन्यापाशी चिंचा फोडायला बसत. मला मे महिन्याची सुट्टी. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मंत्र्यांची भाषणे नकोत, बाजारभाव नकोत. पुण्यातल्या खून खटल्याची सुनावणी आधी!

मला या आवडीचे नवल वाटे, थोडा रागही येई. एकदा मी गोदाक्कांना विचारलेच. गोदाक्का रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. चिंचेवर लोखंडी बत्ता पडावा तसे त्यांचे बोलणे.

"गोदाक्का, दुसऱ्याच्या मरणाचे एवढे कसले कौतुक?"

"कौतुक न्हाई, बाई. इस्तू कुठनं लागला ते बघून ठेवायचं. आपलंबी घर गवताचंच हाय."

आणि प्रत्येक बातमी संपली, की त्यांचा प्रश्न ठरलेला — "आन् शेजारी कुठं व्हते?"

"ते छापलेले नाही."

"मंग अर्धीच बातमी हाय ती."

त्या दिवशी मी तळेगावहून, माहेरून परतले होते. पिशवी खोलीत टाकली आणि व्हरांड्याकडे पाठ करून बायकांत बसले. माझ्यामागे कॉलनीत काय घडले, काय बोलले गेले, यातले मला काहीही ठाऊक नव्हते, हे कृपया ध्यानात ठेवावे.

खटल्याचा मजकूर संपला. त्याखाली चौकटीत एक लहानशी बातमी होती. मी वाचू लागले — "विवाहितेस घरातच डांबून ठेवले. शेजाऱ्यांना ती माहेरी गेल्याचे सांगण्यात आले. मात्र तिच्या चपला दाराशीच होत्या. आत तिचे हात खाटेच्या पायाला काथ्याच्या दोरीने बांधलेले…"

बत्ते थांबले. मी मान वर केली, तर माझ्याकडे कुणीच पाहत नव्हते. साऱ्यांच्या नजरा माझ्या पाठीमागे, व्हरांड्याच्या टोकाकडे. मी वळले. कुसुमच्या दाराला बाहेरून कुलूप होते… आणि उंबऱ्याशी तिच्या लाल पट्ट्यांच्या चपला.

"तिची सासू म्हणाली, माहेरी पाठवली," शेजारची शालिनी पुटपुटली. "परवाच. आणि मग मायलेक देवाला गेले."

"अनवानी धाडली व्हय?" गोदाक्का बत्ता घेऊन उठल्या.

"थांबा," मी म्हणाले. "आधी पोलिसांना कळवू. कुलूप तोडणे हा गुन्हा आहे."

"मंग येऊ द्या की आमचं नाव पेपरात!"

बत्त्याच्या घावांनी कोयंडाच निखळला. आत पत्र्याखाली भट्टी तापली होती. कुसुम जमिनीवर पडलेली, तोंडात बोळा, हात खाटेच्या पायाला बांधलेले — काथ्याच्या दोरीने. डोळे उघडे होते. जिवंत होती!

मी सुरी घेऊन गाठीपाशी गेले, तोच गोदाक्का ओरडल्या, "गाठ ऱ्हाऊ द्या! दोरी दुसरीकडनं कापा. गाठ फौजदाराला दावायची हाय." शालिनी पदर भिजवून कुसुमच्या ओठांवर थेंब थेंब पिळत होती. एकदम पाणी द्यायचे नसते, हेही तिला कुठल्याशा बातमीतूनच कळले होते.

नवऱ्याचे दुसरे लग्न ठरवले जात होते, हे पुढे उघड झाले. ती गाठ न्यायालयातही दाखवली गेली. "गाठ राखायला कुणी शिकवलं?" असे फौजदारांनी विचारले, तेव्हा गोदाक्का म्हणाल्या, "बाई वाचत्यात, आमी ऐकतो." शिक्षकाला याहून मोठी शाबासकी नसते. त्या बायकांच्या ओळीत मी बसत होते, याचा मला आजही अभिमान आहे.

आता राहिली ती बातमी. संध्याकाळी मी अंक पुन्हा उघडला. खटल्याच्या मजकुराखाली सायकलच्या टायरची जाहिरात होती. सारी पाने पाहिली, मागचे अंकही चाळले. तशी बातमी कुठेच नव्हती. जिना चढताना चपला नकळत नजरेस पडल्या असतील, उरलेले मनाने जुळवले असेल… इथपर्यंत मी स्वतःला पटवू शकते. पण काथ्याची दोरी? ती तर बंद दाराआड होती. इथे माझे विज्ञान थांबते.

कुसुम पुढे भोसरीच्या एका कारखान्यात कामाला लागली. सुट्टीच्या दुपारी ती आमच्यात चिंचा फोडायला येई आणि बातमी संपली, की गोदाक्कांच्याही आधी विचारी, "शेजारी कुठं होते हो, बाई?"

एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. त्या चौकटीत, मी वाचले त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. मला त्या स्पष्ट दिसल्या होत्या. वाचण्याआधीच बायका उठल्या. त्यांत काय होते, हे मला ठाऊक नाही. एवढेच ताठ मानेने सांगते, की त्या ओळी पुढे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आल्या नाहीत.