सोमवारचे आहेर

सोपानतात्या दर सोमवारी सकाळी दाढी करायचा, धुतलेली टोपी घालायचा आणि कॉम्प्युटरसमोर माईक घेऊन बसायचा. गच्चीवरच्या कर्ण्यातून आधी "हॅलो, हॅलो" यायचं, मग खाकरणं, आणि मग निम्म्या पिंपरी पेंढारला ऐकू जाईल अशा आवाजात तात्या सुरू व्हायचा. "लिब-पी-एन-जी यांजकडून आलेला आहेर... स्वीकारला आहे, आभारी आहोत! लिब-जी-टी-के यांजकडून..." रस्त्यानं कुणी नवखा पाहुणा चालला असला तर तो थांबून विचारायचा, "कुणाचं लग्न हाय वो?" आम्ही सांगायचो, "लग्न न्हाई पावणं. तात्या अपडेट घेतोय."

तात्या म्हणजे आमच्या भागातला स्पीकरवाला. त्याची-माझी दोस्ती चड्डीतली. तो शाळेत माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकला आणि ते त्यानं मला जन्मभर विसरू दिलं नाही. पण आवाज मात्र देवानं त्यालाच दिला होता, हे मी कबूल करतो. लग्नात आहेर पुकारायला तात्याच लागायचा. कोणी पातेलं दिलं, कोणी साडी दिली, कोणी नुसता टॉवेल-टोपी दिली, तात्या सगळ्यांचं नाव एकाच सुरात घ्यायचा. आमदाराला जास्त आणि गड्याला कमी, असं नाही. एवढ्यावरून एका आमदारानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

अवसरी बुद्रुकच्या एका लग्नात आहेराच्या ढिगात एक तांब्याचं घंगाळ निघालं. त्यावर नाव घातलेलं नव्हतं. पंगत बसली होती, भात वाढून झाला होता. तात्यानं घंगाळ डोक्यावर उचललं आणि माईकवरून सांगितलं, "हे कुणाचं हाय? ज्याचं आसंल त्यानं हात वर करावा. तवर वरण वाढू नये."

नवरदेवाचा बाप धावत आला. "तात्या, भात गार व्हतोय राव!"

"व्हऊ द्या. कुणीतरी पदरमोड करून आणलंय. नाव न घेता कोपऱ्यात टाकायला ते भंगार हाय का?"

शेवटी बायकांच्या पंगतीत मागं बसलेली नवरीची एक लांबची आत्या सापडली. लाजून गप बसली होती. तात्यानं तिचं नाव दोनदा पुकारलं. बाई तोंडाला पदर लावून हसली आणि मग गार भात सगळ्यांनी गपगुमान खाल्ला.

पुढं पत्रिकांवर छापायला लागले, "कृपया आहेर आणू नयेत." मग डीजे आला. तात्याचा माईक फडक्यात गुंडाळून फडताळात गेला. माणूस असा कासावीस झाला की वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी काल मला चहा माईकवरनं मागितला."

त्याचा मुलगा विकास पुण्याला कंपनीत आहे. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. कंपनीनं काढून टाकलेला, म्हातारा, आमच्यासारखाच. विकासनं त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी यंत्रणा घातली आणि तो चालायला लागला. नातवंडं बघायला, भजनं ऐकायला म्हणून दिला होता. जाताना विकास एवढंच म्हणाला, "दादा, आठवड्यातून एकदा अपडेट तेवढे घेत जा." म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात बारीक बारीक भाग असतात. जगात कुठं कुठं बसलेली माणसं ते सारखी सुधारत असतात. सुधारलेला भाग आला की जुना काढायचा आणि नवा बसवायचा. पंपाचं बुश बदलतो तसं.

पहिल्या सोमवारी तात्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर भागांच्या नावांची ही भली मोठी रांग आली. तात्या बघतच राहिला. वहिनी सांगतात, त्यानं सरळ जाऊन माईकचं फडताळ उघडलं.

मी दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो. "तात्या, जे चालतंय ते कशाला उचकटतो? माझ्या विहिरीवरची मोटार बघ. बसवल्यापासनं हात लावला न्हाई."

"म्हून ती सुरू केली की सगळं शिवार बोंबलतं."

"आन हे लिब लिब काय हाय?"

"लई मोठं घराणं हाय ते. दर आठवड्याला त्यांच्यातलं कुणीतरी येतंच."

एकदा छपाईच्या मशीनचा भाग आला. तात्याच्या घरात छपाईचं मशीन नाही. एकदा परदेशातल्या कुठल्याशा मुलखानं घड्याळाची वेळ बदलली, त्याचा भाग आला. मी म्हणालो, त्यांचं घड्याळ पुढं गेलं काय नि मागं गेलं काय, पिंपरी पेंढारच्या गायी त्याच वेळेला धार देणार. हे कशाला घ्यायचं? तात्या म्हणाला, "लग्नात लोकांनी धा तांबे दिले तर आपण परत देतो का? मानानं आलंय, मानानं घ्यायचं."

"पण फुकट कोण देतं रे? मागनं मत मागत्याल."

तेव्हा त्यानं मला पडद्यावर एक जागा दाखवली. प्रत्येक भागाखाली तो कुणी सुधारला त्याचं नाव लिहिलेलं असतं. मला इंग्रजी येत नाही, त्यानंच एक एक अक्षर लावून वाचलं. मार्टिन की काय होता. "हे बग किसना. हा बाबा तिकडं त्याच्या घरात बसला, ह्यातली चूक काढली, नीट केली, आन मला पाठवली. ह्याला आपल्या पंगतीचं जेवण न्हाई, टॉवेल न्हाई, टोपी न्हाई. निदान नाव तरी एकदा मोठ्यानं घ्यावं का नको?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण तेवढ्यात चहा आला.

असं सुरळीत चाललं होतं आणि पितरांचा पंधरवडा लागला. तात्यानं अपडेट बंद केले. पितृपंधरवड्यात आपल्याकडं नवी वस्तू घरात घेत नाहीत. मी म्हणालो, "आरं ही दुरुस्ती हाय. गोठ्याचा पत्रा उडाला तर पंधरवड्यात बसवशीलच ना?"

"पत्रा माझा, हात माझा. हे भायेरनं येतंय. भायेरनं आलं ते नवं."

कॉम्प्युटर रोज सांगत होता, अपडेट आलेत, अपडेट आलेत. तात्या त्याला हात जोडून म्हणायचा, "थांबा, घट बसू द्या." घटस्थापनेला त्यानं जे पुकारायला घेतलं ते सकाळचं दूध घालायला गेलेले लोक परत आले तरी चालूच. गल्लीतल्या बायकांनी त्याला दोनदा चहा नेऊन दिला. त्या दिवशी तात्याच्या तोंडावर जो उजेड होता, तो मी त्याच्या पोराच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

दसऱ्याला विकास आला आणि हे ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "दादा, ह्यातली काही कुलपं असतात. चोरांनी जुन्याची किल्ली बनवलेली असते, म्हणून ती माणसं घाईनं नवं कुलूप पाठवतात. तुम्ही ते पंधरवडाभर दाराबाहेर ठेवलंत? तुमचं बँकेचं खातं उघडता तुम्ही ह्याच्यावर!" पोरगं खरं बोलत होतं. मग त्यानं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी खटखट केलं आणि म्हणाला, "आता सगळं आपोआप होईल. तुम्हाला काही बघायलाच नको."

पुढच्या सोमवारी कर्णा खरखरला. "हॅलो." मग नुसतंच खरखरणं. मग बंद.

मी जाऊन बघितलं तर पडद्यावर एवढंच, की सगळं अद्ययावत आहे. तात्या टोपी हातात घेऊन बसला होता. "सगळे येऊन गेले किसना. गुपचूप आले, ठिवून गेले. चोर येऊ नयेत म्हून केलं, आन हेच चोरासारखे यायला लागले."

"मग बरं झालं की. घसा वाचला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा न घेता उठलो. दुसऱ्या सोमवारी त्यानं दाढी केली नाही. तिसऱ्याला कॉम्प्युटरवर फडकं पडलं. मी बोलवायला गेलो तर आतून सांगायचा, झोपलोय म्हणून सांगा. आणि ते सुद्धा इतकं हळू, की मला वहिनींना पुन्हा विचारावं लागायचं. त्या आवाजाच्या माणसाला मी जन्मात कधी पुन्हा विचारलं नव्हतं.

दिवाळीला विकास आल्याचं कळलं तसा मी न बोलावता गेलो. तात्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून होता. मी सरळ विकासला म्हणालो, "तुझ्या बापाचं काम पयल्यांदा पत्रिका छापणाऱ्यानं काढून घेतलं. मग डीजेवाल्यानं. आता तू."

"काका, मला वाटलं त्यांचा त्रास वाचेल."

"त्यानं कदी तक्रार केली व्हती का तरास व्हतोय म्हून?"

"पण काका, पंधरवडा पाळतात ते! त्यात काही घुसलं तर खातं रिकामं होईल. मी काय करू, सांगा."

त्याचंही बरोबर, माझंही बरोबर. माझं जरा जास्त. मग खाटेवरून भिंतीकडूनच आवाज आला.

"पंधरवड्यात बी घेईन."

वहिनींनी करंज्यांचं ताट खाली ठेवलं. "आवो, बापजाद्यापासनं पाळलंय आपण!"

तात्या उठून बसला. "पितरांना मी समजावतो. ते माझं ऐकत्याल. ह्यो तुझा पोरगा ऐकत न्हाई."

विकास म्हणाला, "आणि कुलूप आलं तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घ्यायचं."

"दारात आलेल्याला कोण ताटकळत ठेवतं? पर नाव मी घेणार. आपोआप न्हाई."

"नाव तुम्हीच घ्या दादा," विकास म्हणाला आणि त्यानं केलेली खटखट परत फिरवली.

पुढल्या वर्षी भर पितृपंधरवड्यात कर्णा वाजला. खालच्या आळीतला केरबामामा, सोवळ्याओवळ्याचा माणूस, रस्त्यात उभा राहून ओरडला, "तात्या, पंधरवडा चालूय! काय घेतो रे?"

कर्ण्यातून उत्तर आलं, "केरबामामांचा आवाज पोचला आहे! लिब-एस-एस-एल यांजकडून एक कुलूप... स्वीकारलं आहे, आभारी आहोत!"

नंतर तात्याचे गुडघे गेले. विकास दोघांना पुण्याला घेऊन गेला, कॉम्प्युटरसकट. फ्लॅटमध्ये कर्णा लावू देत नाहीत. मग सोमवारी सकाळी माझा फोन वाजायला लागला. मी टोमॅटोच्या तोडणीवर असतो. फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेवतो आणि तात्या पुकारत राहतो. तोडणीच्या बाया हसतात. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण मी मध्ये मध्ये "हां" म्हणतो, नाही म्हटलं तर तो पहिल्यापासून सुरू करतो.

गेल्या सोमवारी फोन आला, पण पुकारणं नाही.

"का रं, काय झालं?"

"आज कुणाचं काय आलं न्हाई किसना. समदी यादीच मोकळी."

तोडणी टाकून मी बांधावर बसलो. मग उगीच काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "केरबामामाची गाय व्याली काल. कालवड झाली."

तिकडं खाकरणं ऐकू आलं. आणि मग तो आवाज, सगळाच्या सगळा. "केरबामामा यांजकडून... एक कालवड! आभारी आहोत!"

मागून त्याची सून म्हणाली, "दादा, हळू! खालचे लोक वर येतील."

मी पुढचं सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं, म्हणजे त्याला हळू बोलता येणार नाही.