भर समुद्रात पिठलं

भर समुद्रात पिठल्याची मागणी करू नये, हे मी अनुभवाने सांगते. मागणी मान्य होते.

मी मावळातल्या परंदवडीची, पण माझं कार्यक्षेत्र लोणावळा. धबधब्याखाली बाटल्या फोडणाऱ्या पर्यटकांविरुद्ध पत्रक, ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या बंगलेवाल्यांविरुद्ध पत्रक, चिक्कीच्या दुकानासमोर तिरप्या गाड्या लावणाऱ्यांविरुद्ध पत्रक! अन्याय दिसला की माझा हात आपोआप 'जाहीर निषेध' असं लिहायला लागतो. (एकदा चुलतबहिणीच्या लग्नाच्या पाकिटावर लिहिलं गेलं. जावई अजून माझ्याशी जपून बोलतात.)

अशा मला आतेभावाने मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर पाठवलं. सोबत आई, बेडसे गावची आत्या आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. ऐंशी ओलांडलेले, धोतर-टोपीवाले, आणि पवनेच्या काठावर जन्म काढूनही पोहता न येणारे. निघताना बाबांनी मला बाजूला घेतलं.

"आबांना जसं नेतीयेस तसं परत आण. कायतरी झालं, तर तुझ्या नावाचं पत्रक मी काढीन."

जहाज सुटलं, किनारा दिसेनासा झाला, चहूकडे पाणीच पाणी! लोक फोटो काढत होते. मी कठड्याची उंची माझ्या हाताने मोजत होते. कमी वाटली. (पत्रकाचा विषय मनात नोंदवला.) आबा कठड्याकडे सरकले की मी मागून त्यांच्या धोतराचा सोगा धरायचे.

"सोड की गं," आबा वैतागायचे. "शेरडू हाय का मी?"

पण खरा घात झाला तो जेवणाच्या टेबलावर. घरी आलेल्या रंगीत माहितीपत्रकात स्पष्ट छापलं होतं, 'रोज रात्री अस्सल महाराष्ट्रीय थाळी'. प्रत्यक्षात दारात पाटी, 'आमचा मेन्यू आता अधिक आरोग्यदायी झाला आहे!' आणि समोर आला एक वाडगा. त्यात तळाला भातासारखं दिसणारं पण भात नसलेलं काहीतरी, त्यावर गवत, गवतावर कच्चा भोपळा आणि सगळ्यावर राखेच्या रंगाच्या बिया.

मग शेजारच्या टेबलावरच्या गुजराती काकांनी पिशवीतून थेपल्यांचा डबा काढला, अगदी ठरल्यासारखा. (ही माणसं कुठल्याही व्यवस्थेवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून सुखी असतात.) तळेगावच्या एका गृहस्थांनी बिया बाजूला काढून रुमालात बांधल्या. "कुंडीत लावून बघतो," म्हणाले. आत्याने वाडगा नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"आमच्या म्हशीला हे घातलं आस्तं, तर तिनं दूध बंद केलं आस्तं."

आबांनी तर हातच लावला नाही. "भूक न्हाई," एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा. पुन्हा "भूक न्हाई." सकाळी नाही, दुपारी नाही! माझ्या काळजाचं पाणी झालं. माणूस उपाशी, वय झालेलं, भोवती समुद्र, डॉक्टर कुठे ते ठाऊक नाही, आणि घरी बाबा पत्रक काढायला टपलेले! नाही म्हणायला आबांचं पोट जरा पुढे आल्यासारखं वाटत होतं. पण उपासमारीतही पोट फुगतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी आणखी घाबरले.

आणि मी घाबरले की लिहायला बसते.

जहाजावर रोज सकाळी दिवसभराच्या कार्यक्रमाचा एक कागद प्रत्येक खोलीच्या दारात टाकलेला असायचा. पाठ कोरी! मी पहाटेच उठून सगळ्या दारांतले कागद गोळा केले, आईला आणि आत्याला लिहायला बसवलं आणि नाश्त्याआधी पुन्हा वाटून टाकले, माझी बाजू वर करून.

'जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!! बंधू-भगिनींनो, आपल्या ताटातली भाकरी कुणी पळवली? आज हातात वाडगा दिला, उद्या करवंटी देतील! आमचे वयोवृद्ध आबा या मेन्यूपायी अन्नावाचून प्राण सोडतील, त्याला जबाबदार कोण? आमची एकच मागणी, रोज पिठलं-भाकरी!'

"प्राण सोडतील कशाला लिहितेस?" आई म्हणाली. "अभद्र."

"आई, पत्रकाला धार लागते."

धार लागली. दुपारपर्यंत जेवणाच्या हॉलसमोर ही गर्दी! गुजराती काका म्हणाले, "बेसन आहे ना त्यात? मग आम्हीपण तुमच्याबरोबर." कुणीतरी 'पिठलं आमच्या हक्काचं' असा गजर सुरू केला. शेवटी भोजन विभागाचे मॅनेजर परेरा घाम पुसत बाहेर आले.

"ताई, तुम्ही लोणावळ्याच्या का?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं. "मी खंडाळ्याला हॉटेलात होतो. पत्रक बघूनच ओळखलं."

"विषय बदलू नका!"

"नाही बदलत. पण भाकरीचं पीठ जहाजावर नाही. पिठलं-भात चालेल?"

"तत्त्व मान्य असेल तर तपशिलात आम्ही लवचीक आहोत," मी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी आबांकडे पाहिलं. आबा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. भुकेने, दुसरं काय!

संध्याकाळी मी विजयी मुद्रेने आई-आत्याला घेऊन हॉलमध्ये गेले. "मी मागनं येतो," आबा म्हणाले होते.

दारातच माझं पाऊल अडखळलं. सगळे वेटर नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत. पाहुणेही बरेचसे पांढऱ्यात. टेबलांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येक टेबलावर एकेकच दिवा, मोठे दिवे मालवलेले. कोपऱ्यात एकजण व्हायोलिनवर असं काही रडवं वाजवत होता की डोळ्यांत पाणी यावं. (त्या रात्री जहाजावर पांढऱ्या पोशाखाचा सोहळा होता. तसं कार्यक्रमाच्या कागदावर छापलेलंही होतं, माझ्या पत्रकाच्या मागच्या बाजूला. ज्यांनी पत्रक वाचलं त्यांनी मागची बाजू वाचली नाही. त्यांत मीही आले.)

ताटं आली. पांढरा भात. त्यावर फिक्कं पिठलं. लोणचं नाही, पापड नाही, गोड तर नाहीच.

आत्याचा हात हवेतच थांबला. तिने ताटाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पांढऱ्या वेटरकडे पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं,

"कोन गेलं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ज्या घरात मयत होतं, त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी पिठलं-भात नाहीतर पिठलं-भाकरी घेऊन येतं आणि घरच्यांना बळेबळे चार घास खायला लावतं. त्याला म्हणतात कडू घास. एरवी पिठलं आम्ही आवडीने ओरपतो. पण पांढरे कपडे, एक दिवा, पिठलं-भात आणि वर रडणं, एवढं एकत्र आलं की मावळातला माणूस एकच प्रश्न विचारतो.

"अगं आत्या, कुणी गेलं नाही!" मी हसून म्हणाले. "ही माझीच मागणी!"

"व्हय?" आत्याची नजर टेबलावरून फिरत रिकाम्या खुर्चीवर थांबली. "मग आबा कुटं हायत?"

मी दाराकडे पाहिलं. आबा अजून आले नव्हते.

तळेगावच्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि ताट हळूच पुढे सरकवलं. त्यांनी बायकोला सांगितलं, बायकोने पलीकडे सांगितलं. बातमी हॉलला वळसा घालून आमच्याकडे परत आली तेव्हा चांगली भरली होती.

"मावळातले एक आबा म्हणे. पाण्यात गेले. उपाशीच!"

"छे, कुणी सांगितलं?"

"लेखी आहे ना!" आणि माझंच पत्रक माझ्या नाकासमोर! 'अन्नावाचून प्राण सोडतील', खाली ठळक रेघ. रेघ मीच मारलेली!

आम्ही तिघी पळालो. खोलीत आबा नाहीत. न्हाणीघरात नाहीत. मधल्या गच्चीवर वारा पिसाटलेला, उजेड संपत आलेला, आणि कठड्याच्या फटीत काहीतरी पांढरं फडफडत होतं.

आबांची टोपी. ओली.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली पाणी काळं पडत चाललं होतं आणि जहाज आपलं पुढे पुढे चाललेलं. आईने टोपी काढून छातीशी धरली. सोगा सोडला कशाला मी? मागण्या करत बसले आणि सोगा सोडला!

आत्याने सूरच लावला.

"आबा रंऽऽ! आरं वाडगा तरी खायाचा हुता रंऽऽ!"

मागे माणसं जमली. गुजराती काकांनी थेपल्यांचा डबा आईच्या हातात दिला. "थोडं खाऊन घ्या, बेन. घरच्यांनी उपाशी राहायचं नसतं." दोन बायका डोक्यावरून अंघोळ करायला गेल्यासुद्धा! तळेगावचे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. फक्त एक अडचण आहे. दहाव्याला इथे कावळा कुठून आणायचा? ते पांढरे पक्षी चालतात का?"

तेवढ्यात परेरा धावत आले. मी त्यांच्या बाहीला लटकलेच.

"जहाज थांबवा! मागे घ्या! आमचे आबा..."

"कोण आबा?"

"धोतरवाले! टोपीवाले!"

परेरांचा चेहरा उजळला. "स्पॅगेटीवाले आबा? ते वर आहेत ना!"

सगळा जमाव माझ्यामागून जिन्याने वर. सर्वात वरच्या गच्चीवर एक छोटंसं इटालियन जेवणाचं दालन होतं. ते आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. (कार्यक्रमाच्या कागदावर होतं म्हणे. मागच्या बाजूला.) खिडकीशी आमचे आबा, बोडक्या डोक्याने, गळ्यात पांढरा रुमाल खोचून, काट्याला लांबच लांब शेवया गुंडाळत होते. अगदी सराईतपणे. एक शेवई ओठांतून सुर्रकन आत गेली आणि आबांनी वर पाहिलं. दारात आई, हातात टोपी. शेजारी आत्या, पदर डोळ्यांना. मागे शोकाकुल जनसमुदाय.

आबांचाही चेहरा पांढराफटक पडला.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना मिठी मारली, रडले आणि लगेच ओरडले. "टोपी पाण्यात कशी गेली?"

"पान्यात कशाला जातीया? ह्या लाल रश्शाचा डाग पडला. धुऊन वाळत घातलती. तुमी कशाला काढली? वाळली तरी व्हती का?"

"आणि भूक नाही म्हणत होतात ते?"

"न्हवतीच. हितनं खाऊनच खाली येत हुतो."

"रोज?" मी परेरांकडे पाहिलं.

"नाश्त्यालापण येतात," परेरा कौतुकाने म्हणाले.

"अहो आबा, मग मला सांगायचं ना!"

"तुला?" आबांनी काटा खाली ठेवला. "आगं, कामशेत सोडल्यापासनं मुंबई येस्तवर मैद्यावर भाषान चाललं हुतं तुजं. समदी ह्या पान्याला भ्यात्यात, मी तुला भ्यालो. म्हनलं, ही माज्याच नावानं पत्रक काढंल."

"मी तुमच्यासाठी पिठलं मागून घेतलं!"

"पिठलं खायाला समिंदरात यायाचं व्हय? घरला काय चूल इझली का?"

जमावात कुणीतरी फिस्सकन हसलं. अंघोळ करून ओल्या केसांनी आलेल्या त्या दोन बायका मात्र माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत होत्या. आबा जिवंत निघाल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं असावं.

आबांना खाली हॉलमध्ये नेऊन सर्वांना दाखवलं, तरी एकही माणूस पिठल्याला शिवायला तयार होईना. एकदा कडू घास म्हटलं की तो घशाखाली उतरत नाही. परेरा भरल्या पातेल्यांकडे बघत उभे होते.

"ताई, आणि मागणी 'रोज'ची आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "उद्याचं बेसन भिजवायचं का?"

हॉलमधले सगळे चेहरे माझ्याकडे वळले. आबांनी टेबलावरचा एक कागद उचलला, कोरी जागा शोधली आणि माझ्यासमोर सरकवला.

"लिव्ह," ते म्हणाले. "तुजं अक्षार चांगलं हाय."

मी लिहिलं. 'जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!! हे पिठलं तात्काळ बंद झालंच पाहिजे!' पहिली सही आबांची. दुसऱ्या दिवशी पिठलं बंद, हॉलमध्ये शेवया चालू.

माझ्या सार्वजनिक जीवनात आजवर दोनच मागण्या पूर्णपणे मान्य झाल्या आहेत. दोन्ही समुद्रात. आणि दुसरी पहिलीच्या निषेधार्थ होती.