स्वतः घालाल तेच बाजूला काढा

माझी थोरली मावशी शाळेत भूगोल शिकवायची. वर्गात जाताना पृथ्वीचा गोल कलिंगडासारखा काखेत मारून जायची, म्हणून मुलांनी तिचं नाव ‘गोलबाई’ पाडलं होतं. अंगानंही ती थोडी तशीच, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. "कुठल्या गोलावरून ठेवलंय, ते विचारायला मी जात नाही," असं ती स्वतःच म्हणायची. शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहत होते. तिचं नाक भारी तिखट. जिन्यात पाऊल टाकलं की कुणाच्या घरी दूध करपलंय ते सांगायची.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा पूर आला. गावंच्या गावं वाहून गेली. नेमकी त्याच सुमाराला आमच्याकडच्या शाळांमध्ये ‘विश्वनागरिक’ नावाची योजना आली. मुलांना जगाविषयी आपुलकी वाटावी, दूरच्या माणसाचं दुःख कळावं, वगैरे वगैरे. ते शिकवायचं कसं, तर पूरग्रस्तांसाठी जुने कपडे गोळा करून. ज्या शाळेच्या गोण्या सगळ्यात जास्त, तिला ढाल.

"बाई, जग म्हणजे तुमचाच विषय," मुख्याध्यापक म्हणाले आणि काम मावशीच्या गळ्यात पडलं. तिला आनंदच झाला. आठवडाभर ती वर्गात त्या देशाच्या नद्या काढत होती. तिकडची भाषा तिला थोडीफार यायची, तरुणपणी हौसेनं शिकलेली. तिनं मुलांना ‘नमस्कार’ आणि ‘कसे आहात’ शिकवलं.

गोण्या आल्या. व्यायामाचा हॉल भरला. तिसऱ्या दिवशी मावशी दारातच थबकली. "काहीतरी कुजतंय," ती म्हणाली आणि वर्गातल्या मुलांना बोलावून तिनं गोण्या उघडायला लावल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही. साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, मग सांगायला बसली. डाग पडलेली, न धुतलेली आतली वस्त्रं. लहान मुलानं घाण केलेली दुपटी, तशीच गुंडाळून दिलेली. कुठल्या तरी पार्टीतला झगा, त्याच्या पुढच्या भागावर वाळलेली ओकारी. कुत्र्याच्या केसांनी भरलेली गादी. पिळून संपवलेल्या मलमाच्या नळ्या. एका गोणीत ओले टॉवेल, त्यांना बुरशी आलेली. "अगं, कचऱ्याची गाडी चुकली म्हणून लोकांनी आमचं दार गाठलं!" ती म्हणाली.

पण तिची अन्नावरची वासना उडाली ती त्या वासानं नाही. मुलं नाक धरून हसत होती. त्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांना हे चालेल?"

शेजारचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "त्यांना काय, काहीही चालतं."

"असं कोण म्हणालं?" मावशीनं विचारलं.

"आईच म्हणाली. भरताना."

मुलगा वाईट नव्हता. खोडकरसुद्धा नव्हता. पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं. "त्याचीच मला शिसारी आली," मावशी म्हणाली. "अकरा-बारा वर्षांचं पोर. आणि कुणाला काय चालतं, हे त्याचं ठरूनसुद्धा गेलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर एकच ओळ लिहिली: स्वतः घालाल तेच बाजूला काढा. मुलांना हातमोजे दिले आणि कामाला लावलं. सुरुवातीला पोरांनी चेष्टाच केली. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण प्रत्येक कपडा अंगाला लावून पाहावा लागत होता. एका मुलीला गोणीत स्वतःच्या घरचाच पडदा सापडला. तेल सांडलेला. गुपचूप घडी करून तिनं तो दप्तरात कोंबला. दोन दिवसांनी चांगल्या कपड्यांचा ढीग कमरेइतका झाला होता आणि टाकाऊचा छताला टेकायला आला होता.

तिसऱ्या दिवशी पालक आले. त्या मुलाची आई सगळ्यांत पुढे.

"बाई, आमच्या मुलांना लोकांची अंतर्वस्त्रं निवडायला लावता? त्याला घरी आल्यावर ओकारी झाली!"

"झालीच पाहिजे," मावशी म्हणाली. "मलाही झाली."

"अहो, पण दिलंय ना प्रेमानं? धर्माच्या गाईचे कुणी दात बघतं का?"

"दात नाही बघितले हो. गाय मेलेली होती. कुजली होती. तुम्ही तिच्या गळ्यात घंटा बांधून पाठवलीत."

मुख्याध्यापक मध्ये पडले, सगळ्यांना सरबत दिलं, समजूत काढली. पालक गेल्यावर त्यांनी दार लावलं. "बाई, उघडायच्या कशाला होत्या? स्पर्धा गोण्यांची आहे, कपड्यांची नाही."

"मग पेंढा भरा, सर. निदान वास तरी येणार नाही."

त्या रविवारी शिपायांना बोलावून सगळा माल पुन्हा गोण्यांत भरला गेला. चांगलं आणि घाण, एकत्र. ट्रकला फुगे बांधले, मुलांना हात हलवायला लावून फोटो काढले. सोमवारी मावशी गेली तर हॉल रिकामा. फिनेलचा भपकारा तेवढा येत होता. फळ्यावरची ओळ कुणीतरी पुसली होती.

ढाल मावशीच्याच शाळेला मिळाली.

समारंभाला मीही गेले होते. मंचावर मोठा पडदा होता. पूरग्रस्त भागात काम करणारी एक बाई थेट तिकडून बोलणार होती. तिची भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून नाइलाजानं मावशीला मंचावर बसवलं होतं. पडद्यावर एक थकलेली, चाळिशीची बाई दिसली. मागे पत्र्याची शेड. मावशीचं आपल्या भाषेतलं बोलणं ऐकून तिचा चेहरा एकदम खुलला आणि ती भडाभडा बोलायला लागली.

मावशीचा चेहरा मात्र दगडासारखा झाला. मुख्याध्यापक तिच्या कानाशी वाकले. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला ऐकू आलं. "आभार मानले म्हणून सांगा. बस्स."

मावशीनं माईक जवळ ओढला.

"त्या म्हणतात, तुमच्या मुलांचं मन मोठं आहे, त्यांना आमचा नमस्कार सांगा. आणि म्हणतात, कृपा करून आता कपडे पाठवू नका. आलेले बहुतेक जमिनीत पुरून टाकावे लागले. जी माणसं पाणी वाटत होती, ती खड्डे खणत बसली. लहान मुलांना अंगावर खरूज उठली."

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. खरंच वाजवल्या! पालकांतल्या काहींनी साथही दिली. "नेटवर्कची जरा अडचण आहे," असं म्हणत कुणीतरी पडदा बंद केला. तोंड उघडं असलेली ती बाई विझून गेली. मग अल्पोपाहार झाला. लोक बशा घेऊन उभे होते, हसत होते, ढालीशेजारी फोटो काढत होते. मावशी म्हणाली, "चल इथून. यांच्या खाण्याचासुद्धा वास सहन होत नाहीये."

‘विश्वनागरिक’चं काम तिच्याकडून काढून नाचाच्या मास्तरांना दिलं गेलं. पुढच्या वर्षी पोशाखांची मिरवणूक निघाली. मावशीनं घरातून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

पण कपडे निवडणाऱ्यांपैकी सहा-सातजणं एका शनिवारी आमच्या दारात उभी राहिली. तिकडच्या बाईंशी बोलायचं होतं. मावशी म्हणाली, "माफी मागून मोकळं व्हायचं असेल तर येऊ नका. त्याचाही मला वीट आलाय." तरी मुलं आली. मावशीनं त्या बाईंना गाठलं, आणि त्यांच्या शेडमधल्या शाळेतली मुलं आमच्या स्वयंपाकघरातल्या मुलांसमोर पडद्यावर येऊन बसली. पहिले दोन शनिवार दोन्हीकडून नुसतं एकमेकांकडे बघणं. बोलायला विषय नाही, आणि मावशी कुणालाही मदत करेना.

तिसऱ्या शनिवारी तिकडच्या एका मुलीनं हात वर केला. मावशीनं तिचा प्रश्न सांगितला: "तुमच्याकडून एकेकटेच बूट खूप आले. तुमच्याकडे माणसांना एकच पाय असतो का?"

आमची मुलं लालबुंद झाली. एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, "त्यातला एक माझा असेल."

मावशीनं ते तिकडं सांगितलं. तिकडून लगेच उत्तर आलं, "मग दुसरा कुठंय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "शोधतो."

तिकडची पोरं खो-खो हसली. मग आमचीही हसली. मावशी हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि त्या मुलीला विचारलं की तुमची शाळा किती वाजता भरते.